विमान-प्रतिकृतींसाठी नवा ट्रान्समीटर : निवड, जोडणी आणि जबाबदारी

विमानाची लहान प्रतिकृती तयार करणे आणि ती आकाशात उडविणे हा छंद आपल्याकडील विद्यार्थ्यांना अपरिचित नाही. राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुदल शाखेत ‘एरोमॉडेलिंग’ हा प्रशिक्षणाचा भाग असून अखिल भारतीय वायुसैनिक शिबिरात त्याच्या स्पर्धाही होतात. अलीकडे शेतीवरील फवारणीसाठी व जमीन मोजणीसाठी ड्रोनचा वापर सुरू झाल्यापासून ग्रामीण भागातील माध्यमिक शाळा, तंत्रनिकेतने आणि विज्ञान मंडळे यांचेही लक्ष या विषयाकडे वळले आहे. हे स्वागतार्ह आहे. हवेचा दाब, विद्युत्-चुंबकीय लहरी, बॅटरीचे रसायन, यंत्रातील तरफा अशा पाठ्यपुस्तकात विखुरलेल्या अनेक गोष्टी एका लहानशा विमानात एकत्र भेटतात.

मात्र या छंदाची साधने खरेदी करताना बहुतेक ठिकाणी विमानाकडे जितके लक्ष दिले जाते तितके ट्रान्समीटरकडे, म्हणजे जमिनीवरून विमानाला आज्ञा देणाऱ्या प्रेषकाकडे, दिले जात नाही. वस्तुतः विमान मोडते व पुन्हा बांधता येते; चांगला ट्रान्समीटर मात्र दहा-दहा वर्षे साथ देतो. शिवाय विमान सुरक्षितपणे जमिनीवर उतरणार की गर्दीत शिरणार, हे बव्हंशी त्याच्या योग्य मांडणीवर अवलंबून असते. दीड किलोग्रॅम वजनाचे विमान सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाने जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे १७० ज्यूल भरते. ताशी १०८ किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूच्या ऊर्जेच्या दुपटीहून ती अधिक आहे. आणि चेंडूला पुढे फिरणारा धारदार पंखा नसतो. म्हणून हा विषय केवळ छंदाचा न राहता शिक्षक, संस्थाचालक आणि मैदान उपलब्ध करून देणारी ग्रामपंचायत या सर्वांच्या जबाबदारीचा ठरतो. प्रस्तुत लेखात ट्रान्समीटरची निवड कशी करावी, तो विमानाशी कसा जोडावा आणि उड्डाणापूर्वी कोणत्या गोष्टी तपासाव्यात, याचा क्रमाने विचार केला आहे.

आज्ञेचा प्रवास

बिनतारी लहरींनी दूरचे यंत्र चालविण्याची कल्पना जुनी आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे अशा रीतीने चालणारी लहान नौका लोकांना दाखविली आणि त्याच वर्षी तिचे एकस्व मिळविले. अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनी १९३७ च्या सुमारास रेडिओने नियंत्रित होणारी विमान-प्रतिकृती उडविली. आजचे यंत्र त्या मानाने कितीतरी सुटसुटीत असले, तरी कार्याचे मूळ तत्त्व बदललेले नाही.

ट्रान्समीटरवर दोन दांड्या असतात. दांडी किती व कोणत्या बाजूस कलली आहे, हे आतील संवेदक मोजतो. ते माप अंकांत रूपांतरित होऊन रेडिओ लहरींवर आरूढ होते. विमानातील रिसीव्हर, म्हणजे ग्राही, ते अंक वाचून प्रत्येक सर्व्हो मोटरला विजेचा लहानसा स्पंद पाठवितो. हा स्पंद १.५ मिलिसेकंदाचा असेल तर सर्व्होचा हात मधोमध राहतो. सुमारे १ मिलिसेकंदाचा असेल तर एका टोकाकडे आणि २ मिलिसेकंदांचा असेल तर दुसऱ्या टोकाकडे वळतो. रूढ पद्धतीत असे स्पंद दर सेकंदाला सुमारे ५० वेळा जातात. या हाताला तारेने जोडलेला पंखाचा वा शेपटीचा हलता भाग त्याप्रमाणे वर-खाली होतो आणि विमान वळते. ही साखळी विद्यार्थ्यांना प्रथम फळ्यावर समजावून द्यावी. कारण पुढे दोष उद्भवल्यास तो साखळीच्या कोणत्या कडीत आहे हे शोधणे त्यामुळेच शक्य होते.

कंप्रतेचा प्रश्न

पूर्वीचे ट्रान्समीटर २७, ३५ किंवा ७२ मेगाहर्ट्झसारख्या कंप्रतांवर चालत. प्रत्येकाच्या आत विशिष्ट कंप्रतेचा स्फटिक असे आणि एकाच मैदानावर दोघांचे स्फटिक सारखे असल्यास दोन्ही विमाने निकामी होत. त्यामुळे मैदानावर कंप्रतांचा फलक लावून ज्याची पाळी असेल त्याने आपली खूण तेथे अडकविण्याची शिस्त पाळावी लागे. २००५ नंतर २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील यंत्रे प्रचारात आली आणि ही अडचण जवळजवळ दूर झाली. ही यंत्रे एकाच कंप्रतेवर स्थिर न राहता ठरावीक क्रमाने कंप्रता बदलत राहतात किंवा विस्तृत पट्टा व्यापतात, आणि रिसीव्हर फक्त आपल्याच ट्रान्समीटरची ओळखखूण मानतो. त्यामुळे अनेक विमाने एकाच वेळी उडू शकतात.

आपल्या देशात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा ठरवून दिलेल्या शक्तिमर्यादेत २००५ पासून परवानामुक्त आहे. संस्थेने याच पट्ट्यातील यंत्र घ्यावे. परदेशी जाहिरातींत लांब पल्ल्यासाठी ९१५ मेगाहर्ट्झची यंत्रे आकर्षक रीतीने मांडलेली आढळतात. तो पट्टा आपल्याकडे या कामासाठी मुक्त नाही. तेथे भ्रमणध्वनीच्या सेवा चालतात. शिवाय डोळ्यांना दिसेल इतक्याच अंतरावर विमान उडवावयाचे असल्याने लांब पल्ल्याचे आकर्षण शाळेला निरर्थक आहे. बिनतारी साधन विकत घेताना त्यास केंद्र शासनाच्या वायरलेस नियोजन व समन्वय विभागाची उपकरण प्रकार मान्यता आहे किंवा कसे, याची विचारणा विक्रेत्याकडे लेखी करावी.

निवड करताना

पहिला विचार वाहिन्यांचा, म्हणजे चॅनेलच्या संख्येचा. इंजिनाचा वेग, पंखावरील आलेरॉन, शेपटीवरील एलेव्हेटर आणि रडर अशा चार आज्ञा मूलभूत आहेत. पाचवी व सहावी वाहिनी पंखाच्या फ्लॅपसाठी किंवा एखाद्या प्रयोगासाठी उपयोगी पडते. म्हणून शाळेसाठी सहा वाहिन्यांचे यंत्र पुरेसे आहे. संस्थेचा विचार पुढे ड्रोन वा ग्लायडर बांधण्याचा असेल, तर आठ किंवा अधिक वाहिन्या घ्याव्यात. याहून अधिक संख्येसाठी पैसे मोजण्यात स्वारस्य नाही.

दुसरा विचार दांड्यांच्या रचनेचा. ज्या रचनेला ‘मोड २’ म्हणतात तीत डाव्या दांडीवर इंजिन व रडर आणि उजव्या दांडीवर एलेव्हेटर व आलेरॉन असतात. ‘मोड १’ मध्ये डावीकडे एलेव्हेटर व रडर आणि उजवीकडे इंजिन व आलेरॉन असतात. एक चांगली आणि दुसरी वाईट असे नाही. जी रचना शिकविणाऱ्याच्या हातात बसलेली आहे तीच शाळेने घ्यावी, कारण अडचणीच्या क्षणी विद्यार्थ्याच्या हातातील यंत्र शिक्षकाला घ्यावे लागते आणि त्या क्षणी विचार करण्यास सवड नसते.

तिसरा, आणि सर्वांत जास्त फसवणारा विचार म्हणजे संदेशपद्धतीचा. दोन्ही यंत्रे २.४ गिगाहर्ट्झची असली, तरी एका कंपनीचा ट्रान्समीटर दुसऱ्या कंपनीच्या रिसीव्हरशी बहुधा बोलत नाही. फुताबा, स्पेक्ट्रम, फ्लायस्काय, फ्रस्काय यांच्या पद्धती निरनिराळ्या आहेत; एकाच कंपनीच्या जुन्या व नव्या पद्धतींतही फरक असतो. एक्सप्रेसएलआरएस ही खुली पद्धत अलीकडे अनेक उत्पादक वापरतात, तर काही ट्रान्समीटरमध्ये अनेक पद्धती बोलू शकणारा भाग बसविलेला असतो. शाळेजवळ आधीचे रिसीव्हर असतील तर त्यांची पद्धत पाहूनच ट्रान्समीटर निवडावा. तसे काही नसेल, तर जिचे रिसीव्हर जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा पुण्या-मुंबईहून सहज व स्वस्त मिळतात अशी पद्धत घ्यावी. कारण ट्रान्समीटर एकच लागतो, रिसीव्हर मात्र प्रत्येक विमानास एक याप्रमाणे लागतात.

चौथा विचार शिकवणीच्या सोयीचा. दोन ट्रान्समीटर तारेने किंवा बिनतारी जोडून एक विद्यार्थ्याच्या व एक शिक्षकाच्या हातात देण्याची सोय अनेक यंत्रांत असते. शिक्षकाने कळ दाबून धरली असेपर्यंत विमान विद्यार्थ्याच्या ताब्यात राहते. कळ सोडताच ते शिक्षकाकडे येते. मोटार शिकविणाऱ्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, तसाच हा प्रकार होय. शाळेच्या दृष्टीने वाहिन्यांच्या संख्येपेक्षा ही सोय अधिक मोलाची आहे.

पाचवा विचार संगणकाशी जोडण्याचा. ट्रान्समीटर संगणकाला जोडून पडद्यावरील विमान उडविण्याचा सराव करता येतो. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत मैदानावर उड्डाण शक्य नसते. तो काळ अशा सरावात घालविल्यास दिवाळीनंतर प्रत्यक्ष विमानाची मोडतोड बरीच कमी होते. पडद्यावर शंभर वेळा विमान पाडणाऱ्या विद्यार्थ्याचा खर्च शून्य असतो.

यांशिवाय दहा तरी विमानांची मांडणी स्मरणात ठेवण्याची सोय, रिसीव्हरच्या बॅटरीचा दाब व संदेशाची तीव्रता परत जमिनीवर कळविण्याची सोय, आणि पडद्यावरील अक्षरे उन्हात वाचता येणे या गोष्टी पाहाव्यात. यंत्र हातात घेऊन दांड्या फिरवून पाहाव्यात. इंजिनाच्या वेगाची हालचाल वगळता त्या सोडताच मध्यावर परत याव्यात, अडखळू नयेत. चुंबकीय संवेदकाच्या दांड्या घर्षणाने झिजणाऱ्या जुन्या पद्धतीच्या दांड्यांपेक्षा अधिक टिकतात आणि धुळीच्या प्रदेशात हा फरक जाणवतो.

मागणीपत्र कसे लिहावे

शासकीय वा अनुदानित संस्थेच्या खरेदीत ‘रेडिओ ट्रान्समीटर, नग एक’ एवढेच लिहिले गेल्यास सर्वांत कमी दराचे, पण विमानातील रिसीव्हरशी न जुळणारे यंत्र येऊन पडते. नंतर ते जडसंग्रह नोंदवहीत आणि कपाटातच राहते. म्हणून मागणीपत्रात पुढील बाबी स्पष्ट असाव्यात : कंप्रता पट्टा २.४ गिगाहर्ट्झ, किमान सहा वाहिन्या, मोड १ किंवा २ यांपैकी कोणता, संदेशपद्धतीचे नाव, त्याच पद्धतीचे किमान दोन रिसीव्हर, शिकवणीसाठी जोडणीची सोय, संदेश तुटल्यास इंजिन बंद करण्याची, म्हणजे फेलसेफची सोय, उपकरण प्रकार मान्यतेचा पुरावा, छापील माहितीपुस्तिका, आणि दुरुस्तीची हमी. या नऊ-दहा ओळी लिहिण्यास अर्धा तास लागतो. पण त्यामुळे सार्वजनिक पैसा वाया जात नाही.

बॅटरीबाबत वेगळा उल्लेख करावा. काही ट्रान्समीटर चार साध्या पेन्सिल सेलवर चालतात. ग्रामीण शाळेला हे सोयीचे आहे, कारण सेल गावातील दुकानात मिळतात. लिथियम बॅटरीवर चालणारे यंत्र घेतल्यास योग्य चार्जरही घ्यावा. लिथियम-पॉलिमर बॅटरीच्या प्रत्येक घटाचा पूर्ण भारित दाब ४.२ व्होल्ट असतो. त्यापुढे भार दिल्यास आग लागण्याचा धोका संभवतो. ती भारित होत असताना जबाबदार व्यक्तीने जवळ थांबावे, आणि बराच काळ ठेवावयाची असल्यास प्रत्येक घट सुमारे ३.८ व्होल्टवर आणून ठेवावी.

मांडणीचा क्रम

नवे यंत्र आले की लगेच मैदानावर नेण्याचा मोह होतो. तो टाळून पहिले दोन तास टेबलावर द्यावेत. सर्वांत प्रथम विमानाचा पंखा, म्हणजे प्रॉपेलर, काढून ठेवावा. हा नियम निरपवाद आहे. मांडणी करताना मोटर अनपेक्षितपणे पूर्ण वेगाने सुरू होण्याची अनेक कारणे असू शकतात. काही ट्रान्समीटरमध्ये इंजिनाची वाहिनी उलटी करून घ्यावी लागते. ती तशीच राहिल्यास दांडी खाली असताना मोटर पूर्ण वेगाने फिरते. पंखा नसेल तर हा केवळ आवाज ठरतो. असेल तर बोटे गमावण्याची वेळ येते.

त्यानंतर ट्रान्समीटरच्या स्मरणात नवे विमान नोंदवून त्यास नाव द्यावे आणि प्रकार ‘विमान’ असा निवडावा. माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे रिसीव्हर व ट्रान्समीटर यांची ओळख करून द्यावी. या क्रियेस ‘बाइंडिंग’ म्हणतात. पुढील नियम येथपासूनच अंगवळणी पाडावा : सुरू करताना प्रथम ट्रान्समीटर, मग विमान, बंद करताना प्रथम विमान, मग ट्रान्समीटर. विमान जागे आहे आणि त्याला आज्ञा देणारा कोणी नाही, असा एक क्षणही येऊ देऊ नये.

आता सर्व्हो मध्यावर आणावेत. दांडीजवळील ट्रिम शून्यावर ठेवून सर्व्होचा हात त्याच्या शरीराशी काटकोनात बसवावा आणि तारेची लांबी कमी-जास्त करून हलता भाग सरळ रेषेत आणावा. पुष्कळजण हे काम टाळून ट्रान्समीटरमधील आकड्यांनी वाकडेपणा झाकतात. जे यंत्रकामाने सुधारता येते ते आकड्यांनी सुधारू नये. आकडे शेवटच्या बारीक दुरुस्तीसाठी राखून ठेवावेत.

मग दिशा तपासाव्यात. विमानाच्या मागे, त्याच्या नाकाच्या दिशेला तोंड करून उभे राहावे. आलेरॉनची दांडी उजवीकडे नेली असता उजव्या पंखावरील आलेरॉन वर व डाव्या पंखावरील खाली गेला पाहिजे. एलेव्हेटरची दांडी स्वतःकडे ओढली असता शेपटीचा आडवा हलता भाग वर गेला पाहिजे. रडरची दांडी उजवीकडे नेली असता उभा हलता भाग उजवीकडे वळला पाहिजे. उलटे असल्यास त्या वाहिनीची दिशा ट्रान्समीटरमध्ये बदलावी. उलटा आलेरॉन ही नव्या विमानाच्या नाशाची नित्याची कारणे मोजल्यास अगदी वर येणारी गोष्ट आहे; कारण भाग हलताना दिसतो, म्हणून सर्व ठीक आहे असे वाटते. ‘हलतो काय?’ हा प्रश्न पुरेसा नाही. ‘योग्य बाजूस हलतो काय?’ हा प्रश्न विद्यार्थ्याने मोठ्याने विचारून मोठ्याने उत्तर द्यावे.

हलत्या भागाची मर्यादा विमानाच्या नकाशावर मिलिमीटरमध्ये दिलेली असते. ती पट्टीने मोजून ठरवावी. दांडी टोकाला नेल्यावर सर्व्हो सतत गुरगुरत असेल, तर तो कशाला तरी अडून वीज खात आहे असे समजावे व मर्यादा कमी करावी. शिकाऊ विद्यार्थ्यासाठी एका कळीवर पूर्ण हालचाल व दुसरीकडे तिच्या सुमारे ६० ते ७० टक्के हालचाल ठेवणे हितावह असते. त्याचप्रमाणे दांडीच्या मध्याजवळची प्रतिक्रिया सौम्य करणारी ‘एक्स्पो’ नावाची सोय २० ते ३० टक्के द्यावी. येथे एक सावधगिरी हवी : काही कंपन्यांच्या यंत्रात सौम्यतेसाठी अधिक चिन्ह, तर काहींच्या यंत्रात उणे चिन्ह लागते. चिन्ह चुकले तर विमान सौम्य होण्याऐवजी अधिक चंचल होते. पडद्यावरील आलेख पाहावा. मध्याजवळ तो सपाट दिसला पाहिजे.

इंजिन पूर्ण बंद ठेवणारी एक कळ अवश्य नेमावी. विमान उचलताना, बॅटरी जोडताना किंवा मुले जवळ असताना ती बंद स्थितीत असावी. म्हणजे दांडीला कोणाचा धक्का लागला तरी मोटर फिरत नाही.

वेळदर्शकही लावावा. समजा, विमानाची बॅटरी १३०० मिलिअँपिअर-तासांची आहे आणि मोटर सरासरी १० अँपिअर प्रवाह घेते. बॅटरीचा ८० टक्के भागच वापरावयाचा म्हटल्यास १०४० मिलिअँपिअर-तास मिळतात, म्हणजे सुमारे सव्वासहा मिनिटे. तेव्हा पाच मिनिटांवर घंटा लावावी. उतरण्याचा एखादा प्रयत्न फसला तरी दुसऱ्यास वेळ उरतो. हे गणित इयत्ता नववीच्या विद्यार्थ्याकडून करवून घ्यावे.

फेलसेफ : दुर्लक्षित पण निर्णायक

संदेश तुटल्यास विमानाने काय करावे, हे आधीच सांगून ठेवण्याच्या सोयीला फेलसेफ म्हणतात. काही रिसीव्हर संदेश तुटताच शेवटची आज्ञाच पाळत राहतात. त्या क्षणी मोटर पूर्ण वेगात असेल तर विमान त्याच वेगाने नजरेआड जाते आणि कोठे कोणावर आदळेल याचा नेम राहत नाही. म्हणून संदेश तुटताच मोटर बंद व्हावी आणि बाकीचे भाग मध्यावर यावेत, अशी मांडणी करावी. विमान तेव्हा जवळपास, मैदानातच पडेल. ते मोडेल, पण विमान मोडणे आणि माणूस जखमी होणे यांत निवड करावयाची असेल, तर ती आधीच करून ठेवलेली असली पाहिजे.

फेलसेफ लावला आहे असे समजणे वेगळे आणि तपासणे वेगळे. पंखा काढलेला असताना मोटर थोड्या वेगाने फिरवावी व ट्रान्समीटर बंद करावा. मोटर क्षणार्धात थांबली पाहिजे. न थांबल्यास त्या दिवशी उड्डाण नाही. अनेक यंत्रांत रिसीव्हरची नव्याने ओळख करून दिल्यावर फेलसेफ पुन्हा लावावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

ज्यास सर्रास ‘रेडिओ गेला’ असे म्हटले जाते, त्या घटनांपैकी पुष्कळांमध्ये रेडिओ निर्दोष असतो आणि रिसीव्हरला मिळणारी वीजच खाली आलेली असते. अडकलेला सर्व्हो, सैल जोडणी किंवा थकलेली बॅटरी ही त्याची कारणे होत. म्हणून जोडण्या ओढून पाहणे आणि सर्व दांड्या एकाच वेळी फिरवून रिसीव्हरचा दिवा विझत नाही ना, हे पाहणे उपयुक्त ठरते.

अँटेना आणि पल्ल्याची चाचणी

२.४ गिगाहर्ट्झ लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. म्हणून रिसीव्हरच्या बारीक तारेचे शेवटचे तीन सेंटिमीटरच खरे अँटेनाचे काम करतात. ते दुमडू अथवा कापू नयेत, बॅटरीवर चिकटवू नयेत. दोन तारा असल्यास त्या एकमेकींशी काटकोनात बसवाव्यात. एकीस संदेश दुबळा मिळाला तर दुसरीस मिळतो. ट्रान्समीटरच्या दांडीसारख्या अँटेनाच्या टोकाच्या दिशेने संदेश सर्वांत दुबळा असतो. म्हणून तिचे टोक बंदुकीसारखे विमानाकडे रोखण्याची सवय मोडावी. अँटेना आडवी किंवा वाकवून ठेवावी. मानवी शरीर या लहरी शोषते. त्यामुळे उडविणाऱ्यासमोर कोणी उभे राहू नये.

पल्ल्याच्या चाचणीसाठी बहुतेक यंत्रांत शक्ती कमी करण्याची सोय असते. ती लावून विमानापासून सुमारे ३० पावले, किंवा पुस्तिकेत दिले असेल तितके, दूर जावे आणि सर्व भाग न अडखळता हलतात काय हे सहकाऱ्यास पाहावयास सांगावे. चाचणी संपताच ती सोय बंद करण्यास विसरू नये. यात्रेच्या किंवा मेळाव्याच्या ठिकाणी शेकडो भ्रमणध्वनी व वाय-फाय यंत्रे याच पट्ट्यात बोलत असतात. रिकाम्या मैदानावर यशस्वी झालेली चाचणी तेथे पुरेशी मानता येत नाही.

मैदान आणि नियम

गायरान किंवा शाळेचे मैदान वापरण्यास ग्रामपंचायतीने संमती देताना काही प्रश्न अवश्य विचारावेत. उच्च दाबाच्या वीजवाहिन्या किती जवळ आहेत? रस्ता व वस्ती कोणत्या बाजूस आहे? प्रेक्षक कोठे उभे राहणार? सर्व प्रेक्षक उडविणाऱ्याच्या मागे आणि विमान सदैव त्याच्या पुढे, ही रेषा चुन्याने आखलेली असावी. गुरे चरण्याची वेळ टाळावी.

केंद्र शासनाने २५ ऑगस्ट २०२१ रोजी प्रसिद्ध केलेल्या ड्रोन नियमांत २५ किलोग्रॅमपर्यंतच्या, केवळ शिक्षण, संशोधन, चाचणी वा मनोरंजनासाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या प्रतिकृतींचा स्वतंत्र प्रकार मानला असून त्यांना प्रकार प्रमाणपत्रातून सूट दिली आहे. दोन किलोग्रॅमपर्यंतचे यान अव्यापारी कारणासाठी उडविण्यास वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. हवाई क्षेत्राचे हरित, पीत व रक्त असे भाग पाडले आहेत. हरित क्षेत्रात साधारणतः १२० मीटर उंचीपर्यंत मोकळीक आहे. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटर अंतरात ही मर्यादा ६० मीटर आहे आणि त्याहून जवळ हरित क्षेत्र नाही. मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांना संशोधन व विकासासाठी हरित क्षेत्रात, स्वतःच्या आवारात किंवा आपल्या ताब्यातील खुल्या जागेत उड्डाण करण्याबाबत आणखी सवलती आहेत. यात्रेतील प्रात्यक्षिक मात्र संशोधन ठरत नाही. बृहन्मुंबईसारख्या ठिकाणी पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात आणि त्यांत दूरनियंत्रित लहान विमानांचाही समावेश असतो. म्हणून उड्डाणापूर्वी प्रचलित नियम व नकाशा पाहावा, नोंदणीची आवश्यकता तपासावी आणि स्थानिक पोलीस ठाण्यास लेखी कळवावे.

उड्डाणापूर्वीची पाटी

पुढील मजकूर पुठ्ठ्यावर लिहून ट्रान्समीटरच्या पेटीत ठेवावा आणि प्रत्येक उड्डाणापूर्वी एका विद्यार्थ्याने वाचावा, दुसऱ्याने तपासावा.

१. ट्रान्समीटरची व विमानाची बॅटरी पूर्ण भारित आहे.
२. पडद्यावर आज उडवावयाच्या विमानाचेच नाव आहे.
३. इंजिन बंद ठेवणारी कळ बंद स्थितीत आहे.
४. प्रथम ट्रान्समीटर, मग विमान सुरू केले.
५. तिन्ही भाग योग्य बाजूस हलतात.
६. पल्ल्याची चाचणी आज झाली आहे व शक्ती पुन्हा पूर्ण केली आहे.
७. फेलसेफ शेवटच्या बदलानंतर तपासलेला आहे.
८. रेषेपुढे कोणीही नाही. आकाश मोकळे आहे.

दुसऱ्या क्रमांकाची बाब विशेष महत्त्वाची आहे. स्मरणात दुसऱ्याच विमानाची मांडणी निवडलेली असल्यास दिशा उलट्या होऊ शकतात. काही यंत्रे अशा वेळी विमानास जागेच होऊ देत नाहीत. सर्व यंत्रांत मात्र ही सोय नसते.

पहिल्या उड्डाणात विमान एका बाजूस झुकत असल्यास ट्रिमने ते सरळ करावे आणि उतरल्यावर तितकाच फरक तारेच्या लांबीत करून ट्रिम पुन्हा शून्यावर आणावी. प्रत्येक उड्डाणाची तारीख, वेळ, बॅटरी आणि आढळलेला दोष एका वहीत नोंदवावा. मोठ्या सुट्टीत ट्रान्समीटरमधील सेल काढून ठेवावेत, कारण गळालेल्या सेलने आतील पट्ट्या गंजतात. पावसाळ्यात यंत्र बंद डब्यात, दमट भिंतीपासून दूर ठेवावे.

समारोप

यंत्र किती महाग आहे यावर सुरक्षितता अवलंबून नसते. सहा वाहिन्यांचा साधा ट्रान्समीटर, नीट बसविलेल्या तारा, तपासलेला फेलसेफ आणि वाचली जाणारी पाटी एवढ्या सामग्रीवर एखाद्या तालुक्याच्या शाळेतही हा विषय उत्तम रीतीने शिकविता येतो. उलट, किंमती यंत्र आणून त्याची मांडणी कोणासच ठाऊक नसेल, तर ते धोक्याचे वा धूळ खात पडणारे साधन होते. खरेदी करणारा अधिकारी, शिकविणारा शिक्षक आणि मैदान देणारा पंचायत सदस्य या तिघांनी आपापला प्रश्न वेळीच विचारला, तर विद्यार्थ्याच्या हातातील दांडी आणि आकाशातील विमान यांमधील दुवा पक्का राहील. पदार्थविज्ञानाचा धडा पुस्तकातून मैदानावर आणताना एवढी दक्षता आपण बाळगलीच पाहिजे.